लाटबाबा आणि गावकीची खुर्ची

माझं शिक्षण तिसरी पास. चौथीत मास्तरांनी माझी चूक नसताना माझ्यावर हात उगारला, तेव्हा मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवून घरी आलो, तो परत गेलो नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही. पुढं चाळीस वर्षं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठच्या वर्कशॉपात वेल्डिंग केलं. मी मारलेला जोड कधी सुटला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. पण आमच्या लाटबाबांबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि गावातले जे शिकले ते ठाण्याला, पुण्याला निघून गेले. राहिलो मी. शिवाय या गोष्टीत एके ठिकाणी दोष माझा आहे. तो दुसऱ्या कुणी लिहिण्यापेक्षा मीच लिहिलेला बरा.

बदलापुरातून चामटोलीच्या बाजूला निघालं की मध्येच आमचं गाव लागतं. नाव घालत नाही, कारण यातली काही माणसं अजून आहेत आणि त्यांची नातवंडं वाचणारी आहेत. लाटबाबांचं खरं नाव बाळाराम. सतरा वर्षांचे असताना ते मुंबईला लाटसाहेबाच्या बंगल्यावर चोपदार म्हणून लागले. लाटसाहेब म्हणजे गव्हर्नर. तेव्हा राजा विलायतेत होता, आणि इथल्या राज्यात त्याच्या जागी बसणारा माणूस तो लाटसाहेब. बाबांनी दहाएक वर्षं राजाच्या माणसाची दारं उघडली. मग स्वराज्य आलं, लाटसाहेबाचा राज्यपाल झाला, आणि तीच दारं त्यांनी पुढं तीस वर्षं उघडली. रिटायर होऊन गावी आले तेव्हा ऐंशी साल लागायचं होतं. लोकांनी चेष्टेनं त्यांना लाटबाबा म्हणायला सुरुवात केली. चेष्टा दोन वर्षांत संपली, नाव राहिलं.

उंच माणूस. साठीतसुद्धा पाठ अशी सरळ की माझ्या काटकोनी गुण्याला लावून बघावी. आमच्या गावात सगळे रस्त्याच्या मधून चालतात, गाडी आली तरी हलत नाहीत. बाबा कडेनं चालत, मधला रस्ता दुसऱ्या कुणासाठी मोकळा सोडल्यासारखे. बोलताना कुणाला अरे-तुरे नाही. मला आखं गाव बुध्या म्हणायचं, माझी बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची. बाबा बुधाजीराव म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं.

बाबांची बायको वारलेली, मुलगा अंबरनाथला कारखान्यात, तिकडंच राहायचा. तळ्याच्या काठाला बाबा एकटे राहत. त्यांच्या घराचं दार कधी वाजलं नाही. गावात प्रत्येक दार कुरकुरतं, कुणाचं कधी उघडलं ते आळीला कळतं. बाबा दर रविवारी पिसानं बिजागरीला तेल लावत. मी म्हटलं, बाबा, हे तर मी ग्रीस देऊन वर्षाचं काम करून टाकतो. ते म्हणाले, वर्षाचं नको, रविवारचं बरं आहे.

त्यांचा एक शब्द गावात फार चालायचा. पारावर पोरं त्यांना छेडायची. लाटसाहेब बायकोशी भांडतो का हो? मंत्री आला की आत काय बोलतात? दारू पितो का? बाबा सगळ्यांना एकच उत्तर देत, "दार लागलेलं होतं." एकदा एकानं अडवलंच, अहो पण जेवणाच्या खोलीचं दार तुम्हीच उघडायचात ना? बाबा म्हणाले, "उघडत होतो. बघत नव्हतो." चाळीस वर्षं त्या बंगल्यात काढलेला माणूस, पण त्यांच्या तोंडून एका साहेबाचं एक उणं मी ऐकलं नाही. आमच्या गावात माणूस सासुरवाडीहून एक दिवस राहून आला तरी महिनाभर तिथल्या गोष्टी सांगतो.

मी हट्टी. मला त्यांच्या त्या साहेबाचं कौतुक पटत नव्हतं. एकदा त्यांच्या ओटीवर बसून सरळ विचारलं की राज्य मंत्री चालवतात, कायदे सभेत होतात, मग हा तुमचा साहेब करतो काय? बाबा कोटाचं बटण चिंचेनं घासत होते. म्हणाले, "काही करत नाही. ते फार अवघड काम आहे, बुधाजीराव."

मग त्यांनी समजावून सांगितलं. राजा सातासमुद्रापलीकडं. तो कधी यायचा नाही, कुणी त्याला पाहिलेला नाही. म्हणून इथं एक माणूस असा लागतो, जो राजा शेजारच्या खोलीत बसलाय असं समजून वागेल. तो व्हरांड्यातून गेला की आम्ही उभे राहायचो, आणि त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत बसायचं नाही. ते उभं राहणं त्या माणसाला नसायचं. तो ज्याचा माणूस, त्याला असायचं.

आणि सही? मी विचारलं. नको त्या कागदावर पण सही करायची?

"आत काय व्हायचं ते मला ठाऊक नाही, दार लागलेलं होतं," बाबा म्हणाले. "पण कागद किती वेळा आत गेला ते ठाऊक आहे, कारण दार मी उघडायचो. कधी एखादा कागद सहीवाचून बाहेर यायचा. वर एक ओळ लिहिलेली. साहेबाचा प्रश्न. मग तो फिरून आत जायचा. दुसऱ्यांदा मात्र सही होऊनच बाहेर यायचा, तोच असला तरी."

म्हटलं, मग साहेबाचा उपयोग काय?

"एक रात्र," बाबा म्हणाले. "माणसांना झोपायला आणखी एक रात्र मिळते. पुष्कळ कागद तेवढ्यानं सुधारतात."

बटणांचीही एक गोष्ट आहे, ती सांगतो, कारण पुढं तिचं काम आहे. राजाच्या वेळी कोटाच्या बटणांवर मुकुट असायचा. स्वराज्य आल्यावर एक दिवस पितळेची नवी बटणं आली, त्यांवर सिंह. सगळ्या चोपदारांनी व्हरांड्यात मांडी घालून आपापली बटणं शिवली. बाबांनी मुकादमाला विचारलं, राजा तर गेला, मग आता साहेब कुणाचा माणूस? मुकादम म्हणाला, आता लोक राजा. बाबांनी विचारलं, लोक म्हणजे कोण, ते दिसणार कसे? मुकादम म्हणाला, ते वर विचारून सांगतो. "तो मुकादम वारला," बाबा म्हणाले. "उत्तर अजून आलेलं नाही." हे सांगताना ते हसले नाहीत. आम्ही हसलो.

त्या दिवसांत आमच्या गावकीत तट पडले होते. वरची आळी आणि खालची आळी. गावकीचा अध्यक्ष कुठल्या आळीचा यावरून दोन वर्षं गावाला अध्यक्ष नव्हता, दोन जत्रा झाल्या नाहीत. मी खालच्या आळीचा, सात पंचांतला एक, आणि माघार घेणं मला शिकवलंच नव्हतं कुणी. मी तर तेवढ्यात कॅम्प दोनमधून अध्यक्षासाठी खुर्चीसुद्धा बनवून आणली होती, दीड इंची पाइपाची, वर लाल रेक्झिन. शेठ बघून म्हणाला, "वडी साईं, ही तर नवरदेवाची खुर्ची." आणली आणि देवळात ठेवली, पण तिच्यावर बसायला माणूस नव्हता.

शेवटी कुणीतरी म्हणालं, ज्याला कुठलीच आळी नाही असा माणूस बसवा. तसं गावात एकच घर होतं, तळ्याच्या काठचं.

बाबांनी ताबडतोब हो म्हटलं नाही. देवळात आले, खुर्चीभोवती फिरले, हातानं हलवून बघितली. म्हणाले, जोड चांगले आहेत, पण पाठ कललेली आहे, माणूस पेंगेल. मी ती परत नेऊन पाठ सरळ करून आणली. मग त्यांनी अटी सांगितल्या. मी मत देणार नाही. ठराव तुम्ही सात जणांनी करायचा. माझ्यासमोर पूर्ण वाचायचा. सही माझी लागेल, सहीवाचून गावकीचं काही चालायचं नाही. मला शंका आली तर एकदा परत करीन, वर एक प्रश्न लिहून. दुसऱ्या दिवशी तोच ठराव आणलात तरी सही करीन. आणि एक विचारलं, "इथं राजा कोण?"

आम्ही म्हटलं, गाव.

"बरं," ते म्हणाले आणि घरी जाऊन कोट घालून आले. रिटायर होताना साहेबानं राहू दिलेला लाल कोट, सिंहाच्या बटणांचा. गावकीच्या प्रत्येक बैठकीला ते तो घालत. मे महिन्यातसुद्धा.

पहिला ठराव विहीर उपसायचा होता, प्रत्येक घरातून एक गडी यावा असा. परत आला. वर लिहिलेलं, ज्या घरात गडी नाही तिथलं कोण? आम्ही एकमेकांकडं बघितलं. एकालाही सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठराव बदलून नेला, सही झाली. मला राग आला होता, पण वेल्डिंगवाल्याला कळतं, जोडात कुठं पोकळी राहिली ते बाहेरच्या माणसाला आधी दिसतं. तीन वर्षं अशी गेली. जत्रा सुरू झाल्या. आळ्या एकत्र जेवू लागल्या.

आता माझ्या दोषाची गोष्ट.

हौसाबाई ही आमच्या गावची धवलारीण. आमच्या लोकांत लग्नाला भटजीपेक्षा धवलारीण आधी लागते. हळदीपासून मांडवापर्यंत ती धवले गाते, तिच्याशिवाय लग्न लागलं असं आम्ही मानत नाही. हौसाबाईचा नवरा पांडू कारखान्यात एक हात गमावून घरी बसलेला. शेत तीच करायची. तिच्या शेताला लागून माझा चुलतभाऊ काथोड याचं शेत, तोही पंचांतलाच. काथोडनं नांगरता नांगरता बांध दोन हात तिच्या बाजूला सरकवला. ती गावकीत आली. आम्ही पंचांनी जत्रेनंतर बघू म्हटलं. पुढच्या वर्षी परत आली. परत जत्रेनंतर. मग ती सरळ मामलेदार कचेरीत गेली आणि अर्ज टाकला.

गावात आग लागली. गावचं भांडण गावाबाहेर नेलं. तेही बाईनं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता, भाऊ माझा होता ना. सातही पंचांनी ठराव केला की हौसाबाईनं गावाचा अपमान केला आहे, आजपासून तिच्या घराशी बोलणं, पाणी, विस्तव, लग्न, मयत सगळं बंद. शेवटचं वाक्य माझं होतं. जो हे मोडेल त्यालाही हाच नियम.

बाबांसमोर मीच वाचला. त्यांनी हौसाबाईला बोलावलं. ती देवळाच्या पायरीखाली उभी राहिली. बाबांनी विचारलं, काही सांगायचं आहे? ती म्हणाली, "दोन जत्रा गेल्या, माजा कुनी आयकला नाय. मंग मी कुठं जावाचा?" तेवढंच. पदर नीट करून निघून गेली.

बाबांनी ठरावावर प्रश्न लिहिला आणि परत दिला. प्रश्न असा होता की, ती आधी आपल्याकडे आली होती का?

त्या रात्रीचा मी काही उपयोग केला नाही. बाकीच्या दोघातिघांनी चुळबूळ केली, म्हणाले, बुध्या, आली तर होती रं. मी म्हटलं, आता मागं हटलो तर गावकी राहिली कुठं? माझा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन गेलो.

बाबांनी विचारलं, "तोच आहे?"

"तोच," मी म्हटलं.

मला वाटलं होतं ते सही करणार नाहीत. मनातून मी त्याची वाट बघत होतो, कारण मग भांडता आलं असतं. पण त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पूर्ण नाव लिहिलं, नेहमी लिहीत तसं, घाई न करता. शाई वाळेपर्यंत थांबले. वही मिटली. मग उठले, कोट काढला, खुर्चीच्या पाठीला घातला आणि वरपासून खालपर्यंत त्याची सगळी बटणं लावली.

"सही खुर्चीची," ते म्हणाले. "आता पाय माझे."

आणि देवळातून उतरून, रस्त्याच्या कडेनं, नुसत्या बंडीवर, हौसाबाईच्या घराकडं चालू लागले. सगळं गाव बघत होतं. तिच्या ओटीवर बसून त्यांनी पाणी मागितलं. ती दारात हात जोडून म्हणाली, नको बाबा, तुमच्या पाठी लागतील. बाबा म्हणाले, "हौसाबाई, मला तहान लागली आहे." तिनं तांब्या आणला. त्यांनी सावकाश प्यायलं, तळाचा थेंब संपेपर्यंत.

माझ्याच वाक्यानं ते वाळीत पडले.

पहिले दोन दिवस आम्ही ताठ होतो. तिसऱ्या दिवशी कळायला लागलं की आपण काय करून बसलोय. सहीवाचून गावकीचं काही चालायचं नाही, हे आम्हीच कबूल केलेलं. सही करणाऱ्याशी बोलायचं नाही, हेही आम्हीच लिहिलेलं. वही देवळात, खुर्ची देवळात, खुर्चीवर कोट. आणि माझ्या पोरीचं, मंजुळाचं लग्न बारा दिवसांवर. मुलाकडचे वांगणीच्या बाजूचे, जुन्या वळणाचे. आपल्या गावकीचा मांडवाचा नारळ आणि सहीची चिठ्ठी आल्याशिवाय त्यांच्याकडं हळद लागायची नाही. आणि हळदीला धवले गाणारी बाई वाळीत. शेजारच्या गावची धवलारीण आमच्या गावकीच्या सुपारीशिवाय येईना. माझी बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "हळदीला आता तूच गा, बुध्या." एवढंच बोलून चुलीकडं वळली.

पंचांत कुणीतरी काढलं, दुसरा माणूस बसवू खुर्चीवर. त्यासाठी कोट काढायला पाहिजे. कोण काढणार? मी पुढं झालो. खुर्ची माझ्या हातची, म्हटलं मला कसली भीती. पहिल्या बटणाला हात लावला. चिंचेनं घासून घासून त्यावरचे सिंह गुळगुळीत झाले होते. ती लावताना मी त्यांना बघितलं होतं, एकेक करून, घाई न करता. मी हात मागं घेतला आणि बाहेर आलो. माझ्या मागून कुणी पुढं झालं नाही.

मग मी बाबांकडं गेलो. ते ओटीवर बसले होते. मला बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मी अंगणातून म्हटलं, बाबा, ऐकून तर घ्या. उत्तर नाही. ओरडलो. उत्तर नाही. आधी वाटलं रागावलेत. मग डोक्यात प्रकाश पडला. ते बोलले असते तर वाळीत टाकलेल्याशी बोलल्याचा गुन्हा माझ्यावर आला असता. मी केलेल्या नियमातून ते मलाच वाचवत होते. तो नियम आमच्या गळ्याशी आला होता, आणि सगळ्या गावात तो पाळणारा माणूस एकच निघाला, ज्याला तो पटलेला नव्हता.

मग हौसाबाईच्या घरी गेलो.

पांडू ओटीवर होता. म्हणाला, बुध्या, घरी जा, पोरीचा लगीन हाय तुजे. मी म्हटलं, पाणी दे. तो उठला नाही. हौसाबाई आतून आली, माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडातून माफी निघाली नाही, ती मला कधीच नीट जमली नाही. मी परत म्हटलं, हौसाबाई, पाणी. तिनं तोच तांब्या आणला. मी प्यालो. शेजारच्या तीन घरांच्या दारांतून बायका बघत होत्या, म्हणजे गावाला कळलं.

तिथून परत बाबांकडं. आता ते भिंतीकडं वळले नाहीत. पायरीपर्यंत पुढं आले.

"या, बुधाजीराव," म्हणाले. "आता बोलता येईल."

संध्याकाळपर्यंत आणखी चार पंच हौसाबाईकडं पाणी पिऊन आले. एकानं तर चहा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहावा. काथोड दुपारी आला, सगळ्यात शेवटी, आणि पाणी पिताना मान वर केली नाही. आखी गावकी वाळीत पडली, मग वाळीत टाकायला कोण उरलं? आम्ही देवळात बसून नवा ठराव लिहिला, की हौसाबाईला गावकी मोठ्या मनानं माफ करत आहे. मी कोटाची बटणं काढली आणि कोट बाबांना नेऊन दिला. त्यांनी घातला. खुर्चीवर बसले. ठराव ऐकला. आणि पेन काढून वर एक ओळ लिहिली, आणि कागद परत दिला.

माफ काय केलं?

माझा तोल गेला. म्हटलं, बाबा, लग्न चार दिवसांवर आलंय माझ्या पोरीचं, आणि तुम्ही शब्दाला अडवता? त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "म्हणूनच आजच परत केला, बुधाजीराव. एक रात्र आहे तुमच्याकडं. उद्या आणा."

ती रात्र मात्र मी वापरली. पहाटे काथोडच्या घरी गेलो आणि त्याला उठवून शेतावर नेलं. आम्ही दोघांनी फावड्यानं बांध जुन्या जागी आणला. तो शिव्या देत होता, मी ऐकत होतो आणि माती ओढत होतो. दुपारी ठराव नेला. आधीचा ठराव चुकीचा होता, तो रद्द. बांध जुन्या जागी. हौसाबाईचा काही गुन्हा नव्हता. खाली सात सह्या. बाबांनी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचला आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. कुणीतरी म्हणालं, मग आता तिनं कचेरीतला अर्ज मागं घ्यावा, असंही लिहा. बाबा म्हणाले, ते तिचं. तिनं महिनाभरानं बांध मोजून घेतला आणि मग आपणहून मागं घेतला.

लग्न झालं. हौसाबाई हळदीला आली, मांडवाच्या खांबाशी बसून गळा मोकळा करून गायली. माझी बायको रडली. मी चुलवणावर लाकडं सारत होतो, धुरानं डोळ्यांत पाणी आलं. बाबा कोट न घालता आले होते. मांडवाच्या तोंडाशी बाजूला उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला वाट करून देत होते.

पुढं बदलापूर वाढलं. शेतांच्या जागी बिल्डिंगा आल्या, माणसं कुणाला न विचारता वकील करू लागली. गावकी नावाला राहिली. बाबांची नजर अधू झाली तसं त्यांनी आपणहून खुर्ची सोडली, कोट घडी करून पेटीत ठेवला. खुर्ची देवळाच्या मागच्या खोलीत पडून आहे. मी अधूनमधून जाऊन बघतो. जोड शाबूत आहेत.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते नव्वद सालानंतर, त्यांच्या ओटीवर. पाय सुजलेले, दोन पावलं चालायची तरी भिंत लागायची. मी दाराला तेल लावून दिलं, रविवार होता. आम्ही बोलत बसलो होतो. मधल्या काळात एक मोठा पुढारी मतं मागायला गावात आला होता, त्यानं त्यांच्यासमोर हात जोडले, आणि यांनी बसल्या जागेवरून नमस्कार घेतला होता, याच्यावरून मी त्यांना चिडवत होतो. तेवढ्यात रस्त्यानं हौसाबाई आली. डोक्यावर गवताचा भारा, तीही म्हातारी झालेली. आमच्याकडं तिचं लक्षही नव्हतं.

बाबांनी खांबाला हात घातला. मला वाटलं, पाणी हवंय. म्हटलं, बसा, मी आणतो. त्यांनी मान हलवली आणि उठू लागले. त्यांना जमेना, तेव्हा मी काखेत हात घालून उभं केलं. त्यांनी बंडीचं वरचं बटण लावलं. पाठ सरळ केली. हौसाबाईला चाहूल लागली, वळून म्हणाली, बसा की बाबा. ते बसले नाहीत. ती पुढं गेली, तळ्याच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी बसले नाहीत. मी त्यांना धरून उभा होतो. तिच्या चपलांचा फटफट आवाज तेवढा येत होता. तो हळूहळू कमी झाला.

मग तोही बंद झाला.

"बसा आता, बुधाजीराव," बाबा म्हणाले.